होडीचे स्पेअर नट-बोल्ट: खरेदी आणि साठवण (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मे महिना लागला की फोन वाजायला लागतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. होड्या वर ओढल्या की सुतार, मेकॅनिक आणि रंगारी एकदमच लागतात, आणि मग कोणाला तरी आठवतं की बोल्ट आणायचे राहिले. विचारणारे बदलतात, प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं कोकणातल्या लाकडी आणि फायबरच्या मासेमारी होड्या डोळ्यांपुढे ठेवून लिहिली आहेत.

१. बंदरावर हार्डवेअरचं दुकान आहे. मग होडीवर स्पेअर कशाला ठेवायचे?

दुकान बंदरावर असतं, बोल्ट तुटतो तो समुद्रात. एकदा पंधरा वाव (सुमारे नव्वद फूट) खोल पाण्यात, रात्री, आमच्या अल्टरनेटरच्या ब्रॅकेटचा बोल्ट तुटला. डालड्याचा जुना डबा अर्धा भरून बोल्ट होते. हवा होता १० मिलिमीटरचा, तसे नऊ निघाले. पण ब्रॅकेटचे आटे बारीक, १.२५ पिचचे (पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर), आणि डब्यातला प्रत्येक बोल्ट १.५ चा. दोन आटे आत जायचा आणि अडायचा. शेवटी ब्रॅकेट दोरीनं आवळून, बॅटरी वाचवत, टॉर्चच्या उजेडात परत आलो. पंधरा-वीस रुपयांच्या बोल्टापायी बर्फ, डिझेल आणि एक फेरी गेली. डबा माझाच होता, भरलाही मीच होता.

२. बरं, किती आणि कोणते ठेवायचे?

दुकानात जाऊन "सगळ्या साइजचे थोडे थोडे द्या" म्हणू नका, वरच्या गोष्टीतला डबा तसाच भरला होता. आधी होडीवर वहीपेन घेऊन फिरा. इंजिनाचे फाउंडेशन बोल्ट, शाफ्टचं कपलिंग, ग्लँडचे (शाफ्टच्या कडेनं पाणी आत येऊ न देणाऱ्या भागाचे) स्टड, अल्टरनेटर आणि पाण्याच्या पंपाचे ब्रॅकेट, पंपाच्या झाकणाचे स्क्रू, सुकाणूचे बोल्ट, विंचचं बेड, नांगराचे शॅकल (खिळीनं बंद होणाऱ्या कड्या). प्रत्येक ठिकाणी जाडी, पिच, लांबी, धातू आणि नग लिहा. ही यादी एकदा झाली की पाच-सात वर्षं चालते.

माझा हिशोब असा: एका जागी जितके बोल्ट, त्याच्या निम्मे स्पेअर, आणि काही झालं तरी दोनच्या खाली नाही. नट मात्र बोल्टांच्या दुप्पट आणि वॉशर चौपट. बोल्ट हातात राहतो, नट आणि वॉशर निसटून तळात जातात. लोखंडी असेल तर दोरीला लोहचुंबक बांधून वर काढता येतो. स्टेनलेसचा गेला तर गेला. सकाळी जाऊन संध्याकाळी येणाऱ्या होडीला यातलं निम्मं पुरे. आठ-दहा दिवस बाहेर राहणाऱ्या ट्रॉलरनं कंजुषी करू नये.

३. सुतार "तीन सूत" म्हणतो, मेकॅनिक "दहाचा" म्हणतो. एकच का?

एक नाही, आणि चुकीची खरेदी बहुतेक इथेच होते. एका होडीवर दोन मापं नांदतात. लाकूडकामाचे बोल्ट सुतात चालतात, इंजिनाचे बहुतेक मिलिमीटरमध्ये.

एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.१७५ मिलिमीटर. म्हणजे दोन सूत पाव इंच, अडीच सूत ५/१६ इंच, तीन सूत ३/८ इंच, चार सूत अर्धा इंच. तीन सूत भरतं ९.५ मिलिमीटर, दहाच्या इतकं जवळ की हातात घेऊन फरक कळत नाही. अडीच सूत ७.९४, म्हणजे जवळजवळ आठच. पण आटे वेगळे, त्यामुळे नट दोन-तीन फेरे जातो आणि जाम होतो. तिथे जोर लावला की दोन्हींचे आटे मेले.

याहून धोक्याची जोडी म्हणजे बाराचा बोल्ट आणि चार सुताचा नट. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. नट सहज सरकत जातो, थोडा आवळलाही जातो, आणि ताण आला की आटे सोडून देतो. "सहज बसला" म्हणजे बरोबर बसला, असं समजू नका.

इंचातही आणखी एक पोटभेद आहे. जुन्या इंग्लिश मशिनरीचे आटे व्हिटवर्थ, ५५ अंशांच्या कोनाचे. अमेरिकन घराण्यातले यूएनसी, ६० अंशांचे. पाव इंच आणि ३/८ इंचाला इंचामागे आट्यांची संख्या दोन्हींत सारखीच असते, त्यामुळे तिथे हे उघड होत नाही. अर्ध्या इंचाला व्हिटवर्थ १२ आणि यूएनसी १३ आटे. तिथे बिंग फुटतं.

४. दुकानात नेमकं काय सांगायचं? माप कसं घ्यायचं?

चार गोष्टी: जाडी, पिच, लांबी, धातू. सगळ्यात सोपं म्हणजे जुना बोल्ट नटासकट घेऊन जा. तो तुटला असेल तर दोन्ही तुकडे न्या.

जाडी व्हर्नियरनं आट्यांच्या बाहेरून मोजा; ती नावापेक्षा किंचित कमीच भरते, ९.८ आली तर तो दहाचा. पिच म्हणजे एका आट्याच्या टोकापासून पुढच्या टोकापर्यंतचं अंतर. दहा आट्यांचं अंतर मोजून दहानं भागलं की झालं. सर्वसाधारण, म्हणजे जाड आट्यांच्या मेट्रिक बोल्टला ६ ला १.०, ८ ला १.२५, १० ला १.५, १२ ला १.७५, १६ ला २.० पिच असतो. तुमचं माप याहून कमी आलं तर तो फाइन थ्रेड आहे. तसं स्पष्ट सांगा, नाहीतर दुकानदार जाड आट्यांचाच देणार.

लांबी षटकोनी डोक्याच्या बोल्टला डोकं सोडून मोजतात. काउंटरसंक, म्हणजे लाकडात डोकं बुडणाऱ्या स्क्रूला मात्र डोक्यासकट. नट आवळल्यावर दोन-तीन आटे बाहेर दिसले पाहिजेत, त्या हिशोबानं लांबी घ्या. आणि फुल थ्रेड की हाफ थ्रेड, तेही सांगा. फळी आणि वाक (होडीची आतली फासळी) यांच्या आरपार जाणारा बोल्ट हाफ थ्रेडचा घ्यावा. भोकात सपाट दांडा राहतो, आट्यांची धार लाकूड करवतीसारखी कापत बसत नाही.

पान्यावरून जाडी ओळखायला जाऊ नका. दहाच्या बोल्टाला बाजारात १७ चा पाना लागतो तसा १६ चाही, आणि बाराच्याला १९ किंवा १८.

५. कुठल्या जागी कुठला धातू?

मोठा प्रश्न आहे, आणि "सगळीकडे स्टेनलेस" हे त्याचं उत्तर नाही.

पाण्याच्या वर, डेकवर, केबिनला, रेलिंगला, फायबरच्या होडीवर: स्टेनलेस, शक्यतो ३१६ (प्रश्न ६). लाकडाच्या आत, पाण्याखाली: आपल्याकडे पूर्वापार जस्त चढवलेलं लोखंड वापरतात आणि ते वाईट नाही, फक्त जस्त जाड हवं (प्रश्न ९). सिलिकॉन ब्राँझ मिळालं तर उत्तम, पण ते सहज मिळत नाही आणि त्या नावानं साधं पितळ गळ्यात मारलं जातं. पाण्याखाली स्टेनलेस का नको, ते प्रश्न ८ मध्ये. इंजिनावर हायटेन्साइल, म्हणजे जास्त ताण सोसणारं लोखंड (प्रश्न ११).

आता शेजाराचा नियम. खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटले की त्यातला एक दुसऱ्यासाठी झिजतो. झिजण्याचा क्रम साधारण असा: जस्त पहिलं, मग ॲल्युमिनियम, मग लोखंड, मग पितळ-ब्राँझ, आणि स्टेनलेस सर्वांत शेवटी. झिजणारा धातू लहान आणि शेजारी मोठा असला तर झीज भराभर होते. स्टेनलेसच्या मोठ्या पट्टीत लोखंडी बोल्ट घातला तर बोल्ट एका हंगामात बारीक होतो. उलट, लोखंडाच्या जाड प्लेटमध्ये स्टेनलेसचा बोल्ट बरीच वर्षं निभावतो. ॲल्युमिनियममध्ये स्टेनलेस घालायचाच असेल, उदाहरणार्थ आउटबोर्डच्या (होडीच्या मागे बाहेरून टांगलेल्या इंजिनाच्या) ब्रॅकेटला, तर आट्यांना भरपूर मरीन ग्रीस आणि डोक्याखाली नायलॉनचा वॉशर. नाहीतर पांढरी पावडर धरते आणि बोल्ट जन्माचा अडकतो.

होडीखालचे झिंक, म्हणजे जस्ताचे ठोकळे, याच नियमावर चालतात: ते झिजतात म्हणून पंखा वाचतो. त्यांचे बोल्ट स्पेअरमध्ये ठेवा, बसवताना मधला रंग खरवडून धातूला धातू लागू द्या, आणि झिंकवर रंग मारू नका. दरवर्षी कोणीतरी हौसेनं मारतोच.

६. ३०४ आणि ३१६ मध्ये एवढा काय फरक? दिसायला तर सारखेच.

३१६ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, ३०४ मध्ये नसतं. मीठ स्टेनलेसला बारीक बारीक खड्डे पाडतं, त्याला मॉलिब्डेनम आवर घालतं. केबिनच्या आत ३०४ चालेल. जिथे लाट उडते तिथे तो काही महिन्यांत चहाच्या डागासारखा तपकिरी पडतो. बोल्टाच्या डोक्यावर ए२-७० असेल तर तो ३०४ च्या घराण्यातला, ए४-७० किंवा ए४-८० असेल तर ३१६ च्या.

७. लोहचुंबक चिकटला नाही म्हणजे माल अस्सल ना?

नाही. ३०४ आणि ३१६ दोन्हींना चुंबक लागत नाही, म्हणजे त्यांच्यातला फरक चुंबक सांगूच शकत नाही. शिवाय बोल्टाचं डोकं आणि आटे थंड धातू दाबून घडवतात, त्या दाबानं अस्सल ३०४ ही किंचित चुंबकाला ओढला जातो. म्हणजे चिकटला म्हणून खोटा, असंही नाही. त्यात बाजारात कमी निकेल, जास्त मँगनीजचं २०० मालिकेतलं स्टेनलेसही असतं. चुंबकाला तेही लागत नाही आणि समुद्रावर ते लवकर गंजतं.

डोक्यावर ग्रेड आणि बनवणाऱ्याची खूण, दोन्ही असतील तेच घ्या. मोठी खरेदी असेल तर मॉलिब्डेनम ओळखायचं द्रावण मिळतं. थेंब टाकून छोट्या बॅटरीचा करंट दिला की रंग बदलतो. चार मालकांनी मिळून एक बाटली घेतली तरी पुरते. तेही नको असेल तर एक बोल्ट मिठाच्या पाण्यात बुडवून, बाहेर काढून, असा पंधरा दिवस गच्चीत ठेवा. यानं ३०४-३१६ चा निवाडा होणार नाही, पण अगदी भिकार माल उघडा पडतो.

८. मी ३१६ चे महागडे बोल्ट तळाला घातले, तरी तीन वर्षांत आतून खाल्ले गेले. फसवलं का मला?

बहुधा नाही. स्टेनलेसचं न गंजणं त्याच्यावरच्या अगदी पातळ थरामुळे असतं आणि तो थर टिकायला ऑक्सिजन लागतो. ओल्या लाकडात, सीलंटच्या आड, साचलेल्या खाऱ्या पाण्यात ऑक्सिजन मिळत नाही. डोकं बाहेरून चकचकीत राहतं आणि आत दांडा सुतळीइतका होतो. म्हणूनच ओल्या लाकडात पाण्याखाली स्टेनलेस नको म्हणतो: गंजलेलं लोखंड लाल होऊन ओरडतं तरी, हे गुपचूप तुटतं. जुन्या होडीत असे बोल्ट असतील तर बंदीच्या काळात चार-पाच ठिकाणचा एकेक काढून पाहा. एक जरी बारीक निघाला तरी सगळे बदला.

९. गॅल्व्हनाइज्ड बोल्ट दोन भावांत मिळतात. स्वस्त घेतले तर?

स्वस्त, चकचकीत किंवा पिवळसर झाक असलेला तो इलेक्ट्रोप्लेटिंगचा. त्यावर जस्ताचा थर साधारण ५ ते १२ मायक्रॉन. खाऱ्या वाऱ्यात एक पावसाळा काढला तर नशीब. राखाडी, खरखरीत, थोडा ओबडधोबड तो हॉट डिप, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवलेला, थर ४० मायक्रॉनच्या वर. होडीला हाच. थर जाड असल्यामुळे त्याच्या नटाचे आटे मुद्दाम सैल पाडलेले असतात, म्हणून बोल्ट आणि नट जोडीनंच घ्या. साधा नट हॉट डिप बोल्टावर चढत नाही, आणि हॉट डिपचा नट साध्या बोल्टावर खुळखुळतो. डाय (आटे पाडायचं हत्यार) फिरवून बोल्टाचे आटे "साफ" करणारेही आहेत. पैसे मोजून चढवलेलं जस्त तेच काढून टाकतात.

लाकडात बसवताना डोक्याखाली पुटीत भिजवलेली कापसाची वात गुंडाळा. पाणी बोल्टाच्या कडेनंच आत शिरतं.

१०. पितळेचे स्क्रू चालतील का? गंजत तर नाहीत.

गंजत नाहीत, पोखरले जातात. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. खारं पाणी त्यातलं जस्त खाऊन टाकतं आणि मागे गुलाबी, ठिसूळ सांगाडा उरतो. पेचकस लावला की डोकं मोडून हातात येतं. केबिनमधल्या बिजागऱ्या, कड्या, दिवे यांना पितळ ठीक. पाण्याखाली, किंवा ज्यावर माणसाचं वजन येणार अशा कुठल्याही जागी नको.

११. इंजिनाचे सगळे बोल्ट एकदाच स्टेनलेसचे करून टाकू का? गंजाची कटकट जाईल.

करू नका. इंजिनाच्या बोल्टावर ८.८ किंवा १०.९ असे आकडे असतात. पहिल्या आकड्याला शंभरनं गुणलं की तुटण्याची ताकद मेगापास्कलमध्ये मिळते, आणि दुसरा आकडा सांगतो की त्याच्या किती दशांशावर बोल्ट कायमचा ताणला जातो. ८.८ म्हणजे ८०० वर तुटणार, ६४० वर ताणणार. ए२-७० स्टेनलेस तुटतो ७०० वर, पण ताणायला लागतो ४५० वरच. कपलिंगवर, हेडवर, फाउंडेशनवर तो हळूहळू लांबतो, ढिला पडतो, आणि मग कंपनं पुढचं काम करतात. पंपाचं झाकण, गार्ड, पत्रे इथे स्टेनलेस खुशाल घाला.

कपलिंगचे बोल्ट भोकात चपखल बसणारे असतात, आटे जुळले तरी दुसरे घालू नका. हेडचे बोल्ट इंजिनाच्या पार्ट नंबरनंच घ्यावेत. आणि १२.९ ला जस्त चढवून आणायची कल्पना कोणी दिली तर नको म्हणा; इतकं कडक पोलाद त्या प्रक्रियेत ठिसूळ होऊन अचानक तुटू शकतं.

१२. स्टेनलेसचा नवा कोरा नट अर्ध्यावर जाम झाला. ना पुढे, ना मागे.

आवळताना आट्यांवरचा तो पातळ थर (प्रश्न ८) खरवडला गेला आणि धातू धातूला अक्षरशः चिकटला. आता कापण्यावाचून इलाज नाही. पुढच्या वेळी आट्यांना अँटीसीझ (आटे अडकू न देणारा लेप) लावा, निदान ग्रीस तरी. सावकाश, हातानं फिरवा. इम्पॅक्ट गन लावली की जाम झालाच म्हणून समजा. लांबच लांब फुल थ्रेडवर नट पळवायचा असेल तर विशेष जपा. आणि ग्रीस लावल्यावर तेवढ्याच जोरात बोल्ट जास्त ताणला जातो, तेव्हा हात थोडा आखडता. सहाचा बोल्ट लांब पान्यानं सहज तुटतो, तिथे छोटाच पाना घ्या.

१३. कंपनांनी नट ढिले होतात. स्प्रिंग वॉशर की नायलॉक?

स्प्रिंग वॉशरवर भिस्त ठेवू नका. बोल्ट पूर्ण आवळल्यावर तो चपटा होऊन साध्या वॉशरसारखाच राहतो. नायलॉक, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेला नट, चांगला, पण ते नायलॉन साधारण १२० अंशांपर्यंतच टिकतं, म्हणून एक्झॉस्टजवळ नको. एकदा काढलेला नायलॉक हातानं फिरत असेल तर टाका. ढिला होऊन चालणारच नाही अशा जागी डबल नट किंवा कॉटर पिन (भोकातून घालून टोकं वाकवायची पिन). आटे चिकटवणारं निळं द्रव पान्यानं सुटतं, लाल सोडवायला गॅसची ज्योत लागते. होडीवर लाल ठेवूच नका.

१४. पंख्याच्या दोन नटांतला पातळ आधी की जाड?

पातळ आधी, पंख्याला टेकून. जाड त्यावर. वरचा आवळला की ताण मुख्यतः त्याच्या आट्यांवर येतो, म्हणून तिथे जास्त आट्यांचा हवा. बहुतेक होड्यांवर उलटं दिसतं आणि सांगितलं की वाद होतो. नंतर नवी कॉटर पिन. जुनी सरळ करून परत घालू नका.

लहान आउटबोर्डच्या पंख्याला शिअर पिन असते. ती मुद्दाम मऊ धातूची असते. पंखा दगडाला लागला की ती तुटते आणि गिअर वाचतो. तिच्या जागी स्टेनलेसचा बोल्ट किंवा खिळा घालणारे पाहिले आहेत. पिन टिकते, पुढच्या दगडाला गिअरबॉक्स जातो. निदान सहा पिना जवळ ठेवा.

१५. होज क्लिप स्टेनलेसची घेतली तरी गंजली, कशी?

पट्टी स्टेनलेसची, स्क्रू साधा. इथे मात्र चुंबक उपयोगी: स्क्रूला लावून बघा, कडकन चिकटला तर घेऊ नका. पाण्याच्या पातळीखालच्या होजला दोन-दोन क्लिपा, स्क्रू समोरासमोर ठेवून.

१६. खरेदी कुठून आणि कधी करायची? किलोवर घ्यावी की नगावर?

लोखंडी माल किलोवर मिळतो, स्टेनलेस बहुधा नगावर. किलोवर घेताना गोणीतून स्वतः निवडा आणि प्रत्येक साइजचा एक नट चढवून बघा. मुंबईला जाणं होत असेल तर नागदेवी स्ट्रीटला अर्ध्या दिवसात सगळं होतं, आणि जिल्ह्याच्या गावी न मिळणारा फाइन थ्रेड तिथे मिळतो. यादी मात्र प्रश्न ४ प्रमाणे लिहून न्या. गर्दीच्या वेळी दुकानदार वर्णनं ऐकत बसत नाही.

रे रोडच्या दारूखान्यात जुन्या जहाजांचं सामान मिळतं. शॅकल, आयबोल्ट, कड्या चांगल्या मिळू शकतात; जाडी आणि खिळीचे आटे बघून घ्या. पण तिथले वापरलेले बोल्ट सुकाणूला किंवा इंजिनाला घालू नका. किती ताण खाऊन आलेत ते डोळ्यांना दिसत नाही.

वेळ: एप्रिल किंवा मेचा पहिला आठवडा. नारळी पौर्णिमा जवळ आली की सगळ्यांना एकाच साइजचे हवे असतात.

१७. साठवायचे कशात? डालड्याचा डबा वर्षानुवर्षं चालतोय की.

डबाच गंजतो आणि आतल्या मालाला गंज देतो. पुठ्ठ्याची खोकी त्याहून वाईट, ओल धरून ठेवतात. घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या बरण्या उत्तम, आतलं दिसतंही. आमच्याकडे छोट्या स्क्रू-वॉशरना मसाल्याचा प्लास्टिकचा डबा आहे, सात वाट्यांचा. घरातून हळूच उचलला होता. आता मागितला तरी कोणी घरात घेणार नाही.

एका जागेचे बोल्ट, नट, वॉशर एकत्र एका झिपच्या पिशवीत घाला आणि पिशवीत चिठ्ठी टाका: "पाण्याचा पंप, ८ × १.२५, ३० लांब, ४ नग". वरून मार्करनं लिहिलेलं डिझेलच्या हातानं पुसलं जातं, चिठ्ठी आत असली की राहते. रात्री हलत्या होडीत साइज शोधत बसण्यापेक्षा जागेचं नाव वाचणं सोपं. पितळ, स्टेनलेस आणि लोखंड एका बरणीत कोंबू नका. ओल शिरली की प्रश्न ५ मधला शेजाराचा नियम बरणीतही लागू होतो.

बरणीत सिलिका जेलच्या पुड्या टाका. औषधाच्या, चपलांच्या खोक्यातल्या साठवून ठेवल्या की झालं. हॉट डिपचा माल मात्र पूर्ण कोरडा करूनच बंद करा. ओला कोंबला तर त्यावर पांढरी बुरशीसारखी पावडर धरते आणि जस्त आत बसल्या बसल्या संपतं.

१८. जुनं इंजिन ऑइल ओतून ठेवलं तर गंजणार नाही ना?

जळक्या ऑइलमध्ये आम्ल आणि पाण्याचा अंश असतो, आणि हात बरबटतात ते वेगळंच. नव्या ऑइलचा किंवा ग्रीसचा हलका हात पुरेसा. स्टेनलेसला काहीच लागत नाही.

१९. होडीवर बरणी ठेवायची कुठे?

केबिनमध्ये, उंचावर, बांधून. बॅटरीच्या पेटीत नाही, तिथल्या आम्लाच्या वाफा लोखंड खातात. माशांच्या खणाजवळ तर नाहीच. आणि तांडेलाला, म्हणजे होडीवरच्या मुख्य खलाशाला, जागा माहीत असू द्या. मालक घरी झोपलेला असतो.

२०. काढलेले जुने बोल्ट परत वापरावेत का?

आटे शाबूत, दांडा सरळ, मध्ये कुठे बारीक झालेला नाही, असा स्टेनलेस किंवा हॉट डिप बोल्ट खुशाल वापरा. हेडचे बोल्ट, कॉटर पिना, कपलिंगचे नट नवे. टाकायचा बोल्ट लगेच भंगाराच्या बादलीत टाका. "असू दे, कधीतरी लागेल" म्हणून बरणीत परत गेलेला तोच नेमका घाईत हाताला लागतो.

२१. गंजून बसलेला बोल्ट काढताना तुटतो. काय करावं?

गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर थांबा. मग आधी किंचित आवळा आणि नंतर सोडा. गंजाची कड मोडते. नाही सुटला तर नट गरम करा, पण डिझेलची टाकी, फायबर किंवा होजजवळ ज्योत नको. तिथे नट छिन्नीनं फोडा. नट स्वस्त आहे.

२२. बरणी खाऱ्या पाण्यात पडली. सगळं फेकू का?

त्याच दिवशी हाताळलं तर बहुतेक वाचतं. गोड्या पाण्यात दोनदा खळखळून धुवा. मीठ राहिलं तर कितीही तेल लावा, आतून गंजतंच. मग गोणपाटावर उन्हात पसरा, पूर्ण वाळू द्या, तेलाचा हात फिरवा. सिलिका जेलच्या पुड्या फेका, चिठ्ठ्या नव्या लिहा. पावसाळ्यात ऊन नसेल तर चुलीच्या वर सुपात पसरून ठेवा. एका रात्रीत कोरडे होतात.